सहा नंबरमधले पेले

सहा नंबरच्या इमारतीत, तळमजल्यावरच्या डाव्या खोलीत, एका बुटक्या मेजावर चहाचे पेले मांडलेले असत. मे २००९मध्ये काढलेल्या छायाचित्रात ते तीन आहेत. २०११च्या शरदात पाच. जून २०१३मध्ये चार, त्याच वर्षी ऑक्टोबरात दोन, आणि मे २०१४मध्ये पुन्हा पाच. हिनोसावाची गंधकाची खाण १९७१ साली बंद पडली. त्या डिसेंबरात शेवटचे कुटुंब डोंगर उतरून गेले. त्यानंतर खाणकामगारांच्या या इमारतींत कोणीही राहिलेले नाही.

“अहो, भूतच आहे ते,” ओनोदेरा फोनवर म्हणाला. “इंटरनेटवर सगळे तेच म्हणतायत. तुमच्या त्या मीटरला भूत मोजता येतं का, बघा की एकदा.”

“मीटरला फक्त हायड्रोजन सल्फाइड मोजता येतो.”

“म्हणजे भुताला वास असला तर येईल!” स्वतःच्या विनोदावर तो बराच वेळ हसला. ओनोदेरा खालच्या गावात, नगरकार्यालयात बसून इमारती पाहण्याचे परवाने देतो. “बरं, ऐका. शुक्रवारी एक मोठे गृहस्थ येतायत. कुसुमी. टोकियोचे. पडक्या इमारतींच्या फोटोंची पुस्तकं आहेत त्यांची. आठ तासांचा परवाना दिलाय. जरा गोड बोला, तोंड वाकडं करू नका.”

“माझं तोंड असंच आहे.”

“तेच म्हणतोय मी.”

ही गोष्ट ऑक्टोबर २०१६ची. माझे नाव यागिसावा. खाण बंद झाली तरी तिचे पाणी बंद झालेले नाही, आणि त्या पाण्यावर माझे पोट चालते. डोंगराच्या पोटातून मिनिटाला चौदा टन पाणी बाहेर येते. रंगाने ते गंजासारखे तांबडे असते आणि त्याचा पीएच २.१ भरतो. ते तसेच नदीला मिळाले तर मासेच काय, पुलाचे खांबही टिकणार नाहीत. म्हणून आमचे केंद्र त्यात चुनखडीची पूड कालवते, गाळ खाली बसवते आणि निवळलेले पाणी सोडते. हे वर्षाचे सगळे दिवस चालते. ते कधी थांबेल याचे गणित मी एकदा मांडले होते. उत्तर काही शतके आले, म्हणून कागद फाडला. त्या शुक्रवारपर्यंत मी सव्वीस वर्षे रोज या पाण्याचे आकडे लिहीत होतो, आणि त्यांतला एकही खोटा नव्हता.

छायाचित्रकारांबरोबर फिरण्याचे काम माझ्याकडे नियमामुळे आले. जुन्या गटारांतून खाणीतला वायू कधीकधी इमारतींत शिरतो. त्यामुळे प्रत्येक इमारतीत आधी केंद्राच्या माणसाने मीटर घेऊन एकट्याने जायचे, आकडा तक्त्यात लिहून सही करायची आणि मगच पाहुण्याला आत सोडायचे असे ठरले. दहा पीपीएमच्या वर आकडा गेला की प्रवेश बंद. आकडा बहुधा शून्य येतो.

मला किळस इमारतींची येत नाही. आत ओल्या चटयांना जुन्या फडक्याचा वास येतो, भिंतींवर काळी आणि शेवाळी अशा दोन जातींची बुरशी आहे, न्हाणीघरांत कोल्ह्यांची विष्ठा आहे. हे सगळे आपापले काम करीत असते. किळस येते ती त्या विष्ठेवर झुकून “वा!” म्हणणाऱ्यांची. एकाने सेन्दाईहून पिशवीत फाटकी बाहुली आणली होती. तिला खिडकीत बसवून त्याने चाळीस फोटो काढले आणि नंतर तिची नीट घडी घालून ती परत नेली. एका बाईने पांढरा झगा घालून मुलीला कुजक्या चटईवर झोपवले. मुलगी शिंकू लागली तेव्हा बाई म्हणाली, शिंक, पण डोळे मिटू नकोस. एकाने भिंतीतल्या कपाटात सापडलेले कुणाचे पत्र मोठ्याने वाचून दाखवले. त्यात एक सासू सुनेला मुळे कसे सुकवायचे ते सांगत होती. तो हसत होता, आणि मी शेजारी मीटर धरून उभा होतो.

पेल्यांचा प्रश्न मी माझ्या वहीत लिहून ठेवला होता. प्राणी पेले वाढवीत नाहीत. वारा त्यांची तोंडे वर करून ठेवीत नाही. भूत हे उत्तर नसून उत्तर न शोधण्याची सबब आहे. उरली माणसे, पण छायाचित्रकार आपले सामान परत नेतात, हे मी पाहिले होते. शिवाय कंपनीच्या जुन्या नोंदवहीत मला आणखी एक गोष्ट आढळली होती. सहा नंबरच्या तळमजल्याच्या डाव्या खोलीत कधी कुटुंब राहिलेच नव्हते. ती कामगार संघटनेची सायकली ठेवायची खोली होती.

कुसुमी आठ वाजता आला. पन्नाशीचा, सडपातळ, अंगात खास मळक्या रंगाचे महागडे कपडे होते. त्याच्याकडे चार पिशव्या होत्या. त्यांतल्या एकीत पाण्याची फवारणी करायची बाटली होती आणि दुसऱ्या एकीत बारीक चाळलेली माती.

“ही माती कशाला?” मी विचारले.

“धूळ. इथली धूळ ओलसर असते, फोटोत पडत नाही.” त्याने डोळे मिटून श्वास आत ओढला. “आहा. हा वास! तुम्हाला जाणवतही नसेल आता, नाही का? सवय झाली असेल.”

“जाणवतो. तो बुरशीच्या बीजाणूंचा आहे. फुफ्फुसात जातात ते.”

“तुम्ही फार गमतीदार आहात, यागिसावा-सान.”

दुपारपर्यंत आम्ही तीन इमारती पाहिल्या. तो भिंतींवर पाणी फवारी. ओल लागली की बुरशीचा रंग गडद होई, आणि तो तिला “ये, ये बाई” असे म्हणत फोटो घेई. एका खोलीत भिंतीचा पापुद्रा पुरेसा सुटलेला नव्हता, तो त्याने नखाने सोडवला. मी तक्त्यात शून्य, शून्य, शून्य लिहिले.

जेवायला आम्ही केंद्रात आलो. मंगळवारी आणि शुक्रवारी तिथे एगामी तोमे येत. तोमे-सान तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. आपली पांढरी छोटी मालवाहू गाडी स्वतः चालवीत त्या गावातून वर येत, केंद्राची झाडलोट करीत आणि आमच्यासाठी सूप चुलीवर ठेवीत. तरुणपणी त्या खाणीच्या दिवाघरात होत्या. पाळीवर उतरणाऱ्या प्रत्येकाच्या टोपीचा दिवा त्यांच्या हातून जाई आणि त्यांच्याच हातात परत येई. १९६७च्या मार्चमध्ये खाणीच्या खालच्या थरात आग लागली. ती विझवण्यासाठी कंपनीने पाणी सोडले आणि तो थर कायमचा बंद केला. नऊ जण वर आणता आले नाहीत. त्यांतले एक तोमे-सानचे नवरे, एगामी योइची. मी ज्या पाण्याचे नमुने घेतो ते त्याच थरातून येते. पीएच २.१मध्ये इतक्या वर्षांत हाडांचे काय होते हे मला माहीत आहे. तोमे-साननी ते मला कधी विचारले नाही.

“आजी, तुम्ही इथल्याच का?” कुसुमीने धुरावलेल्या मुळ्याची फोड तोंडात टाकत विचारले.

“आजी असेल तुझ्या घरी. मी तोमे.”

“चुकलं, चुकलं. तोमे-सान, तुम्ही वर राहायचात?”

“राहायचे की. सगळेच राहायचे. सूप घे, निवतंय.”

“सहा नंबरमध्ये कोण राहत होतं, ठाऊक आहे? ती पेल्यांची खोली?”

तोमे-साननी पळी खाली ठेवली. “त्या घरातली माणसं चहाला बसली होती. तेवढ्यात खाणीचा भोंगा वाजला. तशीच उठून धावली. परत काही आली नाहीत बघ. पेले तसेच राहिले.”

कुसुमीचे चघळणे थांबले. “अंगावर काटा आला,” तो म्हणाला, आणि बाही वर करून तो काटा त्याने आम्हाला दाखवलाही.

मी तोमे-सानकडे पाहिले. दिवाघरातल्या बाईला संघटनेची सायकलखोली ठाऊक नसणे शक्य नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. त्या भाताचा आणखी एक गोळा वळत होत्या. हात ओले होते आणि स्थिर होते.

एक वाजता आम्ही सहा नंबरमध्ये गेलो. पेले पाच होते. कुसुमीने आधी गुडघ्यावर बसून नमस्कार केला, मग मातीची पिशवी उघडली आणि पेल्यांवर धूळ चाळली. प्रकाश मोजला, एक पेला किंचित सरकवला, फोटो घेतला. मग तोच पेला उचलून त्याने उलटा केला आणि अचानक मोठमोठ्याने हसू लागला.

“या, यागिसावा-सान, वाचा हे.”

बुडावर निळ्या बारीक अक्षरांत छापले होते: मायक्रोवेव्हमध्ये वापरण्यास योग्य.

“सत्तर सालच्या खाणकामगाराकडे मायक्रोवेव्ह!” डोळे पुसत तो म्हणाला. “कुणीतरी मांडून ठेवलंय हो हे सगळं. आणि तुमची ती म्हातारी, भोंगा वाजला म्हणे! काय पण सांगितलंन. माझ्या अंगावर काटा आणलान तिनं.”

“मग हा फोटो तुम्ही पुस्तकात घेणार नाही.”

“का नाही? पेले उलटे करून कोण बघतंय?” त्याने पेला जागेवर ठेवला. “पण आता मला खरं काहीतरी हवंय. ही खालच्या इमारतींची ओळ सगळ्यांनी चघळून झालीय. सकाळी वळणावरून मोठ्या भिंगातून बघत होतो, ती सगळ्यांत वरची इमारत. कितवी ती? नऊ. जिन्याची खिडकी फुटलीय. आत भिंतीवर लाल काहीतरी आहे. अक्षरं वाटतायत.”

“नऊ नंबरकडे रस्ता नाही. चढण आहे.”

“परवान्यात ‘निवासी इमारती’ असं लिहिलंय. नऊ निवासी आहे ना?” त्याने परवाना माझ्या नाकासमोर धरला. नऊ नंबर निवासीच होती.

मीटरची बॅटरी बदलायची म्हणून मी केंद्रात परत आलो. तोमे-सान मोरीपाशी भांडी विसळत होत्या. मी सांगितले, पाहुणे नऊ नंबरला जायचे म्हणतात.

नळ चालूच राहिला. “तिकडं नेऊ नका, यागिसावा-सान.”

“का?”

“जिना कुजलाय.”

“तोमे-सान, तो जिना काँक्रीटचा आहे.”

त्यांनी नळ बंद केला. पदरासारख्या पुढे बांधलेल्या फडक्याला हात पुसले, एकदा, आणि पुन्हा एकदा. त्या मला नेहमी दोनदोन कप चहा घ्यायला लावीत, फ्रीजवर “हे यागिसावाने खाऊ नये” अशा चिठ्ठ्या लावीत, माझ्या शर्टाच्या सुटलेल्या बटणावरून मला बोलत. सव्वीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे काहीही मागितले नव्हते.

“आजवर कुणी गेलं नाही तिथं,” त्या म्हणाल्या. “त्या माणसाला नका जाऊ देऊ. बास. दुसरं काही सांगत नाही मी.”

“नियमाने मला आत जाऊन मोजावं लागेल.”

“तुम्ही जा,” त्या म्हणाल्या. “तुम्ही गेलात तर चालेल.”

चढायला पंचवीस मिनिटे लागली. कुसुमी धापा टाकत तिपाई पेलत होता आणि वाटेत गवत मोडलेले नव्हते म्हणून खूश होता. “बघा, पायवाटसुद्धा नाही. अस्पर्श!” पायवाट होती. इमारतीच्या मागच्या अंगाने, झुडपांच्या आतून ती येत होती. एका माणसापुरती, पण पक्की. मी त्याला दारापासून दहा पावलांवर उभे केले आणि आत गेलो.

मीटर शून्य दाखवीत होता.

दाराच्या आत, डाव्या भिंतीवर, लाकडी टेकूंवर खुणा करायला खाणीत वापरतात तशा लाल मेणखडूने लिहिले होते:

“योइची, हे घराचं दार. आत या.”

अक्षरे माझ्या कपाळाच्या रेषेत होती. टोपीवर दिवा लावलेल्या माणसाने समोर पाहिले तर उजेड जिथे पडेल तिथे.

पहिल्या मजल्याच्या वळणावर: “पहिला मजला झाला. अजून दोन. इथं तिसरी पायरी फुटलीय, जपून.”

पायरी खरोखर फुटलेली होती. सिमेंटची कड पाहता ती फुटून फार तर दहा वर्षे झाली असावीत.

दुसऱ्या मजल्यावर: “दुसरा मजला. होसोयांचं दार बंद आहे, ते गेले मुलाकडे. आपण वर जायचं.”

योइची एगामी दक्षिणेकडच्या कोळशाच्या खाणींतून इकडे आलेले होते. तिथली एक रीत मी वाचली होती. खाणीत मेलेल्या माणसाला वर आणताना सोबतचे लोक प्रत्येक वळणावर त्याला मोठ्याने सांगतात, आता आपण दुसऱ्या बोगद्याशी आलो, आता वर नेणाऱ्या पाळण्यापाशी आलो, आता बाहेर आलो. न सांगितले तर माणसाला कळत नाही की आपण निघालो आहोत, आणि तो खालीच राहतो, अशी समजूत. योइचींना वर आणलेच नव्हते, त्यामुळे त्यांना कोणी काही सांगितलेले नव्हते.

तिसऱ्या मजल्यावर, उजव्या दाराशेजारी लिहिणे जास्त होते. मेणाचे थर एकावर एक चढलेले होते. मी नखाने कडेला खरवडून पाहिले, सात-आठ तरी थर असतील, आणि सर्वांत वरचा याच वर्षीचा होता. त्यावर धूळ चिकटलेली नव्हती. म्हणजे ही अक्षरे एकदा लिहून सोडलेली नव्हती. पुसट झाली की पुन्हा गिरवली जात होती.

“आलात. हे आपलं दार. आत कुणी नाही, घाबरू नका. कंपनीनं सगळ्यांना खाली पाठवलं. मी आता खालच्या गावात राहते. पोस्टाच्या मागची गल्ली, चौथं घर, निळं छप्पर. आल्या वाटेनं खाली उतरायचं, मग नदीच्या कडेकडेनं. रात्रीचे निघू नका, अस्वल असतं. तोमे.”

मृत माणूस जिना चढत नाही. हे मला ठाऊक आहे, आणि ते सिद्ध करायला लागणारा सगळा पुरावा रोज माझ्या बाटल्यांत येतो. मी तिथे उभा राहून हे स्वतःला सांगितले. मग माझ्या लक्षात आले की माझ्या हातात फोन आहे. फुटक्या खिडकीतून डावीकडून उजेड येत होता, लाल अक्षरांच्या कडेला काळी बुरशी होती, चौकट फार उत्तम जमली होती. माझे बोट बटणावर होते. बीजाणूंवरून कुसुमीला ऐकवणारा मी, त्याच्याच डोळ्याने पाहत होतो. मी फोन खिशात टाकला.

खालून आवाज आला. “यागिसावा-सान! झोपलात का वर? उजेड चाललाय!”

मीटर बरोबर चालतो की नाही हे तपासायला आम्ही एक छोटा डबा जवळ बाळगतो. त्यात मोजलेला वायू भरलेला असतो, पंचवीस पीपीएम. मी डब्याची नळी मीटरच्या तोंडाला लावली आणि झडप उघडली. पाच सेकंदांत मीटर किंचाळू लागला. तो सगळ्या जिन्यात घुमला. मीटर खोटे बोलला नाही. त्याने डब्यातला वायू बरोबर मोजला. खोटे मी बोललो. तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसून मी तक्त्यात वेळ लिहिली, इमारत नऊ लिहिले, पंचवीस लिहिले आणि सही केली. सही नेहमीसारखीच आली, याचे मला आश्चर्य वाटले.

बाहेर कुसुमी तिपाई उभारून तयार होता. “काय झालं? काय कोकलतंय ते?”

“वायू. पंचवीस.” मी मीटरवर अडकून राहिलेला सर्वोच्च आकडा त्याला दाखवला. “मर्यादा दहाची आहे. ही इमारत बंद.”

“अहो, सकाळपासून शून्य येतंय सगळीकडे!”

“सकाळपासून आपण नऊ नंबरमध्ये नव्हतो.”

“मी मास्क लावतो. दोन मिनिटं. एक फोटो.”

“पंचवीसला डोळे चुरचुरतात. शंभरला वास यायचा बंद होतो, म्हणून माणसाला वाटतं की वायू गेला. त्याच्यापुढे काय होतं ते मी तुम्हाला तक्त्यात दाखवू शकतो.”

त्याने आकडा पुन्हा वाचला, मग मला निरखले. मूर्ख नव्हता तो. ज्या माणसाने पेला उलटा करून पाहिला त्याला मूर्ख म्हणणे अशास्त्रीय होईल.

“आत लाल काय लिहिलंय?”

“नळवाल्याच्या खुणा. कुठला पाइप कुठे जातो ते.”

“नळवाल्याच्या.”

“हो.”

“तुमचा चेहरा बघवत नाहीये, यागिसावा-सान. पांढरा पडलाय.”

“वायूने पडतो.”

“असं.” त्याने तिपाईचे पाय एकेक करून मिटले. “हे गाव मेलेलं आहे बघा, आणि तुम्ही लोक त्याच्यावर पहारा देत बसलाय. मी निदान त्याला लोकांपुढे नेतो. माझ्या पुस्तकामुळे लोक रडतात.”

“कशासाठी?”

त्याने तिपाई खांद्यावर टाकली आणि तो उतरणीला लागला. सहा नंबरपाशी त्याला आणखी पाच मिनिटे हवी होती. मी दारात उभा राहिलो. तो मेजाजवळ वाकला, उठला, पिशवीची चेन ओढली आणि माझ्या शेजारून हसतमुखाने बाहेर पडला. मी आत पाहिले. पेले चार होते.

गाडी वळणाआड गेल्यावर मी केंद्रात आलो. तोमे-सान घरी जायच्या तयारीत, बूट घालून दारातल्या पायरीवर बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर तक्ता धरला. त्यांनी चष्मा लावून पंचवीस वाचले.

“एवढा आला?”

“नाही आला.”

त्यांनी चष्मा काढून मिटला आणि खिशात ठेवला.

“तुमच्यावर येईल का काही?”

“नगरकार्यालय तक्ते वाचत नाही. फायलीत लावतं.”

“बरं.” मग त्या आपणहूनच बोलू लागल्या, माझ्याकडे न पाहता, बुटाचा पट्टा आवळत. “सात वर्षांपूर्वी, परवाने-बिरवाने नव्हते तेव्हा, दोघं आले होते, नवरा-बायको असतील, कॅमेरे घेऊन. नऊ नंबरच्या दारात पोचलेच होते. मी मागं गवत कापत होते. मला काही सुचेना. म्हटलं, इथं काय बघताय, इथं काही नाही, सहा नंबर बघा, तिथं अजून लोकांची भांडी मांडलेली आहेत. खूश झाले. म्हणाले, उद्या सकाळी जाऊ. आता सहा नंबरात तर सायकलीची एक घंटीसुद्धा नव्हती. मग काय करणार! संध्याकाळी घरातलं मेज गाडीत घातलं, तीन पेले घेतले आणि पहाटे येऊन ठेवले.”

“तेव्हापासून?”

“तेव्हापासून सगळे तिथंच जातात. फोटो काढतात, पेला चोरतात, आणि घरी जातात. पेला मिळाला की त्यांचं पोट भरतं बघा, वर चढायची इच्छा होत नाही.” त्या उठल्या, गुडघ्यावर हात टेकत. “नेला का यानं?”

“एक नेला.”

“मेला चोर,” त्या समाधानाने म्हणाल्या. “आता बर्फ पडायच्या आत एक आणायला हवा.”

तोमे-सान फेब्रुवारी २०२२मध्ये गेल्या. शेवटच्या शरदापर्यंत त्या गाडी चालवीत वर येत होत्या. त्याच हिवाळ्यात बर्फाच्या भाराने नऊ नंबरचे छप्पर बसले आणि जिना त्याखाली गेला. आता तिथे वाचण्यासारखे काही नाही, म्हणूनच हे लिहिण्याला हरकत उरलेली नाही. मी सहा नंबरमध्ये पेले ठेवत नाही. राखायला वर काही राहिलेले नाही, आणि मला निष्कर्ष पडताळून पाहायचा होता.

मे २०२२मध्ये पेले चार होते. ऑगस्टमध्ये दोन. ऑक्टोबरात एक. मे २०२३मध्ये एकही नव्हता, मेज मात्र होते. त्यानंतर संख्या एकदाही वाढली नाही.

कारण असे आहे: पेले पाहुणे चोरीत होते, म्हणून कमी होत, आणि एगामी तोमे ते पुन्हा आणून ठेवीत होत्या, म्हणून वाढत. त्या ते यासाठी ठेवीत, की त्यांच्या नवऱ्याला लिहिलेली वाट दुसऱ्या कोणी वाचू नये.